घोळणा, अडुळसा आणि पेशींची बशी: आनुवंशिक रक्तवाहिनी-विकारावर वनस्पतीचा अर्क कसा तपासावा

पदव्युत्तर प्रकल्पाचे विषय ठरवण्याचे दिवस आले की पुण्यातल्या जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि आयुर्वेदाच्या महाविद्यालयांतून एक ठरावीक साचा हमखास पुढे येतो: एखादी औषधी वनस्पती, तिचा मेथॅनॉलमधला अर्क, कुठल्यातरी पेशी आणि शेवटी ‘लक्षणीय परिणाम दिसून आला’ हे वाक्य. साच्यात काही वावगे नाही. नडते ती घाई. तोच साचा एका अवघड रोगासाठी नीट कसा वापरावा, हे या लेखात सांगायचे आहे. रोग आहे हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, म्हणजेच एचएचटी, आणि वनस्पती आहे अडुळसा. दोन्ही उदाहरणादाखल घेतली आहेत. रोग किंवा वनस्पती बदलली तरी कामाचा क्रम फारसा बदलत नाही. प्रकल्पाचे पहिले दोन महिने अर्काचा गुण सिद्ध करण्यात न घालवता, दिसतो तो परिणाम आपल्याच हातून झालेला घोटाळा तर नाही ना, हे पाहण्यात घालवायचे, एवढी एकच अट मी माझ्या विद्यार्थ्यांना घालते.

रोग आणि प्रश्न

‘आमच्या घरात सगळ्यांचाच घोळणा फुटतो, उष्णतेची प्रकृती आहे’ हे आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की त्यामागे जनुकाचा दोष असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. बहुतेक वेळा तो नसतोच. पण साधारण ५,००० माणसांत एकाला एचएचटी असतो आणि त्यातल्या बहुतेकांचे पहिले लक्षण वारंवार फुटणारा घोळणा हेच असते. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जे बारीक जाळे असायला हवे ते काही ठिकाणी तयारच होत नाही. रक्त धमनीतून थेट शिरेत शिरते आणि दाबामुळे फुगलेली पातळ भिंत जरा धक्का लागला की फुटते. ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके दिसतात, आणि फुप्फुसात, यकृतात, मेंदूत अशाच मोठ्या जोडण्या असू शकतात. घोळणा, ठिपके, आतल्या अवयवांतल्या जोडण्या आणि जवळच्या नात्यात हाच रोग, या चारांपैकी तीन गोष्टी असल्या की निदान निश्चित धरतात. हे क्युरासाव निकष २००० साली प्रसिद्ध झाले. आईवडिलांपैकी एकाला रोग असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

दोषी जनुकांपैकी एन्डोग्लिनचे जनुक १९९४ साली आणि एएलके१ या ग्राहीचे (पेशीच्या पृष्ठभागावर निरोप घेणाऱ्या प्रथिनाचे) जनुक १९९६ साली सापडले. स्मॅड४ मधल्या बिघाडानेही हा रोग होतो आणि तेव्हा त्याच्या जोडीला आतड्यात लहान वयातच गाठी येतात. तिन्ही प्रथिने एकाच निरोपाच्या वाटेवर बसलेली आहेत. यकृतात तयार होणारे बीएमपी९ हे निरोप्या प्रथिन रक्तातून फिरते, रक्तवाहिनीच्या अंतःस्तर पेशीवरच्या एन्डोग्लिन आणि एएलके१ यांना चिकटते. त्यामुळे पेशीच्या आत स्मॅड१ आणि स्मॅड५ यांच्यावर फॉस्फेटची खूण उमटते, ते स्मॅड४ ला घेऊन केंद्रकात जातात आणि आयडी१ सारखी जनुके जागी करतात. हा निरोप कमी पडला की पेशी शांत राहत नाही आणि व्हीईजीएफ या वाढीच्या घटकाला ती जास्तच दाद देऊ लागते. म्हणूनच व्हीईजीएफला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध या रोगात वापरले जाते.

आता अडुळसाच का? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रक्तपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात वासा, म्हणजे अडुळसा, येतो. नाकातून जाणारे रक्त हे त्यात ऊर्ध्वग रक्तपित्ताचे लक्षण म्हणून गणले आहे. निवडीला एवढे कारण पुरेसे आहे, निष्कर्षाला मात्र नाही. रक्तपित्त हे लक्षणांवरून बांधलेले निदान आहे आणि एचएचटी हा जनुकावरून ओळखला जाणारा रोग. उन्हाळ्यात एकदा रक्त आलेले पोर आणि तीन पिढ्यांचा एचएचटी असलेले घर या दोघांना जुन्या वैद्याने एकाच नावाने ओळखले असण्याची पुरेपूर शक्यता आहे. ‘ग्रंथात सांगितले आहे’ पासून ‘पेशीत दिसले’ पर्यंत एकच उडी मारणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत, आणि त्या उडीचा मला कंटाळा आला आहे.

म्हणून प्रश्न अगदी अरुंद करावा. ‘अडुळसा एचएचटीवर उपयोगी आहे का’ हा प्रयोगशाळेचा प्रश्नच नव्हे. ‘एन्डोग्लिन कमी केलेल्या मानवी अंतःस्तर पेशींना ठरावीक, थोडे बीएमपी९ दिले असता, अडुळशाच्या पानांच्या अर्काने स्मॅड१ आणि स्मॅड५ वरची फॉस्फेटची खूण वाढते का’ हा प्रश्न आहे. वहीच्या पहिल्या पानावर तो शाईने लिहून ठेवावा, म्हणजे सहा महिन्यांनी निकाल पाहून प्रश्न बदलण्याचा मोह होणार नाही.

पान तेच आहे ना?

पहिल्या वर्षी आम्ही पेठेतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून सुकी पाने आणली. मी ती कागदावर पसरून चाळू लागले तेव्हा दुकानदार म्हणाले, “ताई, अडुळसाच आहे हो, माझ्या वडिलांपासून हाच माल येतो.” ते खोटे बोलत नव्हते, फक्त पोत्यात जे आले ते विकत होते. पण त्या ढिगात दहातली दोन-तीन पाने वेगळी होती: कडेला मोठे दाते, आणि देठाजवळचा भाग तिरपा, म्हणजे मधल्या शिरेच्या एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त. ती महारुखाची दले होती. अडुळशात महारुखाची भेसळ होते हे औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांना जुनेच ठाऊक आहे, आणि नावांनीही त्यात भर घातली आहे. गुजरातीत अडुळशाला अरडूसी आणि महारुखाला अरडूसो म्हणतात.

अडुळशाचे पान साधे, समोरासमोर लागणारे, भाल्यासारखे, टोकाला निमुळते आणि कडेला जवळजवळ अखंड असते. पांढऱ्या फुलाच्या ओठावर जांभळट रेघा असतात आणि बाजूने पाहिले तर जबडा उघडल्यासारखे दिसते, म्हणून संस्कृतात त्याला सिंहास्य म्हटले आहे. पानाच्या वरच्या सालीचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पर्णरंध्राच्या दोन्ही टोकांशी काटकोनात दोन सोबती पेशी दिसतात आणि अधूनमधून कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट खडे, म्हणजे सिस्टोलिथ, सापडतात. ही अकँथेसी कुळाची खूण आहे. महारुखात ती मिळणार नाही. भुकटी झाल्यावरही ही तपासणी करता येते, म्हणून विकतच्या भुकटीचा चिमूटभर नमुना आधी काचपट्टीवर आणि मगच तराजूवर ठेवावा.

माझा आग्रह असा की पाने विकत घेऊच नयेत. पुण्याच्या आसपास शेताच्या बांधावर, जुन्या वाड्यांच्या आणि वसाहतींच्या कुंपणाला अडुळसा पुष्कळ आहे. एकाच जागेवरची, एकाच दिवशी तोडलेली, कीटकनाशक न फवारलेली पाने घ्यावीत. जागा, तारीख आणि झाड फुलावर होते की नाही हे नोंदवावे. फुलांसह एक फांदी दाबून, वाळवून, हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कागदावर चिकटवावी. या कामात पुणे भाग्यवान आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे, आणि १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेचेही हर्बेरियम आहे. तिथून ओळख पटवून घ्यावी आणि नमुन्याला मिळालेला क्रमांक प्रबंधात छापावा. शास्त्रीय नाव जस्टिशिया अधाटोडा असे लिहावे आणि अधाटोडा वासिका हे जुने नाव एकदाच सांगावे, कारण निम्मे जुने संशोधन त्या नावाखाली सापडते.

सावली, अल्कोहोल आणि बिनपानाचा अर्क

पाने उन्हात वाळवू नयेत. अडुळशातले मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसीन हवेतल्या ऑक्सिजनने सहज बदलते आणि त्याचे व्हॅसिसिनोन होते. म्हणजे गच्चीवर दोन दिवस टाकलेली पाने आणि खोलीत पंख्याखाली वाळवलेली पाने यांचे अर्क रसायनाच्या दृष्टीने दोन वेगळे अर्क असू शकतात. सावलीत, जाळीवर, एकाच थरात वाळवावे आणि ओव्हन वापरायचा तर ४० अंशांच्या पुढे जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नये. पुण्याच्या पावसाळ्यात पान चौथ्या दिवशीही मऊच राहते आणि देठाशी पांढरी बुरशी धरते, आणि मग पुढचे सगळे प्रयोग बुरशीच्या अर्काचे होतात.

भुकटी १०० ग्रॅम, ७० टक्के इथॅनॉल १ लिटर, खोलीच्या तापमानाला हलवत २४ तास, गाळणे, पुन्हा दोनदा तेच, आणि मग रोटरी इव्हॅपोरेटरवर अल्कोहोल उडवून उरलेले पाणी फ्रीझ ड्रायरवर काढणे, एवढी साधी कृती पुरते. मिळालेला अर्क मूळ भुकटीच्या किती टक्के आला ते दर वेळी लिहावे. दोन खेपांत हा आकडा फार वेगळा आला तर पुढे जाण्यापूर्वी थांबावे. प्रत्येक खेपेचा एचपीटीएलसीवर (पातळ थरावर घटकांचे पट्टे वेगळे करणारी पद्धत) ठसा घ्यावा आणि शेजारी शुद्ध व्हॅसिसीनचा पट्टा ठेवावा. ज्यांच्याकडे एलसी-एमएस (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) मिळण्याची सोय आहे त्यांनी व्हॅसिसीनचे प्रमाणही मोजावे.

याच वेळी एक निरर्थक वाटणारी गोष्ट करावी: भुकटी न घालता, तेच भांडे, तेवढेच अल्कोहोल, तोच गाळणकागद, तेवढाच वेळ, आणि शेवटी तळाशी जे काही उरेल ते त्याच पद्धतीने विरघळवून ठेवावे. आम्ही त्याला ‘बिनपानाचा अर्क’ म्हणतो. प्लास्टिकमधून सुटलेले पदार्थ आणि नीट न धुतलेल्या काचेवरचा साबण या बिनपानाच्या अर्कात पकडला जातो. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद असण्याच्या पुणेरी शिरस्त्यात भांडी कशी धुतली गेली असतील, हे शुक्रवारच्या अर्कावरूनच कळते.

यापेक्षाही मोठा चोर म्हणजे एन्डोटॉक्सिन. पानांवर जिवाणू असतातच. त्यांच्या भिंतीतला हा पदार्थ अर्कात येतो, उकळून सहजी जात नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून बिनदिक्कत पार होतो. रक्तवाहिनीच्या अंतःस्तर पेशी त्याला फार तीव्र प्रतिसाद देतात. ‘अर्काने रक्तवाहिनीच्या पेशींवर परिणाम केला’ अशा निष्कर्षांपैकी काही खरे म्हणजे पानांवरच्या जिवाणूंचे असावेत, असा माझा दाट संशय आहे. एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करावी. तसेच पेशींवरच्या प्रयोगात एका गटाला अर्कासोबत पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक द्यावे, जे एन्डोटॉक्सिनला बांधून ठेवते. पॉलिमिक्सिनने परिणाम गेला, तर तो अडुळशाचा नव्हता.

पेशी

मानवी नाळेच्या शिरेतल्या अंतःस्तर पेशी, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे ह्यूवेक म्हणतात, त्यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. त्या विकत मिळतात, किंवा प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून मिळवता येतात; दुसऱ्या मार्गासाठी आईची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे घ्यावी लागते. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे, आणि कामाला लागण्यापूर्वी तिथल्या यादीवर नजर टाकावी. मात्र अमर केलेल्या, म्हणजे न थांबता वाढत राहणाऱ्या, पेशीवंशावर एचएचटीचा प्रश्न विचारू नये. ज्या पेशीत बीएमपी९ ची वाट मुळातच बिघडलेली आहे तिच्याकडून मिळालेल्या उत्तराला अर्थ नसतो.

ह्यूवेकचा पॅसेज, म्हणजे पेशी नव्या बशीत हलवण्याची खेप, पाचच्या पुढे नेऊ नये, कारण पुढे त्या रुंद, आळशी आणि प्रतिसादहीन होत जातात. एका नाळेच्या पेशी म्हणजे एक माणूस. तीन नाळांवर तीनदा प्रयोग केला तर संख्या तीन होते. एकाच नाळेच्या पेशी प्लेटच्या ९६ वेलमध्ये, म्हणजे खळग्यांत, घातल्या तरी संख्या एकच राहते, हे परीक्षकांनाही अधूनमधून समजावून सांगावे लागते.

एन्डोग्लिन कमी करण्यासाठी एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचा निरोप दाबणारा आरएनएचा लहान तुकडा) वापरावा, आणि एकाच लक्ष्यावरचे दोन वेगवेगळे वापरावेत, म्हणजे एकाच्या भलत्याच परिणामाने फसगत होत नाही. प्रथिन खरोखर कमी झाले का ते वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने पाहावे. फक्त आरएनए मोजून समाधान मानू नये, कारण आधीच तयार असलेले प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर काही काळ टिकून राहते. एसआयआरएनएचा परिणाम थोडेच दिवस राहतो, म्हणून अर्काचा प्रयोग त्याच आठवड्यात उरकावा लागतो. आणखी एक गोष्ट वहीत ठळक लिहावी: रुग्णाच्या पेशीत दोनपैकी एक प्रत चांगली असते, म्हणजे एन्डोग्लिन सुमारे निम्मे असते. तुम्ही ते १० टक्क्यांवर आणले, तर तो रुग्ण नव्हे, रुग्णापेक्षा फार वाईट अवस्था झाली. (रुग्णांच्या ठिपक्यांत दुसरी प्रतही स्थानिक बदलाने बिघडलेली असते, असे २०१९ साली दाखवले गेले आहे, म्हणून १० टक्क्यांची बशीही अगदीच निरुपयोगी नाही, पण ती ठिपक्याची नक्कल आहे, माणसाची नव्हे.) शक्य असेल तर दोन्ही पातळ्यांवर प्रयोग करावा. पुढच्या टप्प्यात रुग्णांच्या रक्तातून वाढवलेल्या अंतःस्तर पेशी मिळाल्या तर त्याहून चांगले, पण ते एम.एस्सी.च्या एका वर्षाचे काम नाही.

मोजमाप

विषाक्तता आधी तपासावी, आणि इथेच माझी सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगते. विद्यार्थीदशेत मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथे एका अर्काने पेशींची संख्या शंभर टक्क्यांच्या वर नेली. अर्क वाढवावा तशी एमटीटीची (जिवंत पेशींमुळे जांभळा होणारा रंगक) जांभळी छटा गडद होत गेली, आणि आम्ही तीन आठवडे ‘अर्क पेशींना पोषक आहे’ या आनंदात होतो. मग कुणीतरी पेशीच नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घातले. तीही वेल जांभळी झाली. अर्कातले पॉलिफेनॉल एमटीटीला स्वतःच क्षपित करतात, त्याला पेशींची गरज लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असते तर पोषण झालेल्या त्या पेशी अर्ध्याअधिक तरंगत होत्या, पण आकडा पाहिल्यावर बशी कोण पाहतो? तेव्हापासून प्रत्येक प्लेटवर बिनपेशीची ओळ ठेवणे मी सोडले नाही, आणि संख्या मोजायची तर मेलेल्या पेशींनाच निळे करणारा ट्रिपॅन ब्लू घालून प्रत्यक्ष मोजते.

असेच आणखी तीन सापळे आहेत. पॉलिफेनॉल संवर्धन माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणून एका गटात पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेझ घालून पाहावे. इथॅनॉलने पानातले हरितद्रव्य भरपूर उतरते आणि ते लाल रंगात चमकते, त्यामुळे लाल चमकणारा रंगक वापरला तर सगळ्या पेशी उजळतात. तिसरा सापळा या विषयात खास महत्त्वाचा आहे: टॅनिन प्रथिनांना धरून साका करतात. अर्कात टॅनिन असेल तर ते माध्यमातले बीएमपी९ धरून ठेवेल, फॉस्फेटची खूण कमी होईल आणि तुम्ही लिहाल की अर्क एएलके१ ला अडवतो. अर्काचा थोडा भाग पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोनवरून काढून टॅनिन कमी करावे आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवावेत.

मुख्य मोजमाप असे करावे. पेशींना काही तास सीरमशिवाय ठेवावे, कारण गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये बीएमपी९ असतेच आणि सीरम असताना खूण आधीच इतकी गडद असते की वाढ दिसायला जागा उरत नाही. मग अर्क आणि त्यानंतर बीएमपी९ द्यावे. बीएमपी९ ची मात्रा आधी स्वतःच्या पेशींवर मोजून, पूर्ण प्रतिसादाच्या निम्म्यावर येईल अशी ठेवावी. पूर्ण मात्रा दिली तर वर जायला वाव नाही, शून्य दिली तर खाली यायला नाही. साधारण ४५ मिनिटांनी पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट करावा, आणि फॉस्फेट असलेला स्मॅड एकूण स्मॅडच्या तुलनेत मोजावा. आणखी एका प्लेटवर आयडी१ चे आरएनए पाहावे. अर्क विरघळवायला वापरलेले डायमिथिल सल्फॉक्साइड ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये आणि सर्व गटांत ते सारखेच ठेवावे.

तुलनेसाठी टॅक्रोलिमस ठेवावे. अवयव प्रत्यारोपणात वापरले जाणारे हे औषध एफकेबीपी१२ ला बांधून या ग्राहींवरचा लगाम सैल करते आणि स्मॅड१ व ५ ची खूण वाढवते. तुमच्या बशीत ते चालले नाही तर अर्काबद्दल बोलण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या बाजूला अडुळशाच्याच कुळातल्या कोरांटीचा त्याच पद्धतीने काढलेला अर्क आणि आपला बिनपानाचा अर्क ठेवावा. नळ्यांवर मैत्रिणीकडून सांकेतिक आकडे घालून घ्यावेत आणि पट्ट्यांची मोजणी होईपर्यंत यादी तिच्याकडेच राहू द्यावी.

मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलीवर पेशींनी नळ्या विणल्या की नाही हे पाहण्याचा मोह सर्वांना होतो, कारण छायाचित्र सुंदर येते. पण पेशींना जरा बाधले तरी नळ्या तुटतात, म्हणून ‘नळ्या कमी झाल्या’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय एचएचटीत दोन वाटा वेगळ्या ओळखाव्या लागतात: अर्क बीएमपी९ चा निरोप वाढवतो, की फक्त व्हीईजीएफची दाद कमी करतो? दोन्हींचा उपयोग असू शकतो, पण ते दोन वेगळे दावे आहेत आणि त्यांना वेगळे प्रयोग लागतात.

परिणाम मिळालाच तर अर्काचे हेक्झेन, इथिल ॲसिटेट, ब्यूटॅनॉल आणि पाणी असे भाग करून तो कशात एकवटतो ते पाहावे, आणि शुद्ध व्हॅसिसीन स्वतंत्रपणे तपासावे. चारही भागांत परिणाम नाहीसा झाला की ‘घटक एकत्र काम करतात’ असे लिहिण्याची पद्धत आहे. कधी तसे असतेही. पण मी आधी भाग पुन्हा एकत्र करून परिणाम परत येतो का ते पाहायला सांगते, आणि बहुतेक वेळा तो येत नाही.

मासा आणि कागदपत्रे

बशीच्या पुढची पायरी झेब्रा माशाची आहे. त्याचा भ्रूण पारदर्शक असतो, रक्तवाहिन्या हिरव्या चमकणारा वंश उपलब्ध आहे, आणि एएलके१ बिघडलेल्या भ्रूणात दोन दिवसांतच डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची धमनी-शीर जोडणी दिसू लागते. पण अर्क पाण्यात घातल्यावर भ्रूणात किती शिरला हे मोजले नाही तर नकारात्मक निकालाला अर्थ नाही, आणि भ्रूणाच्या हृदयाचे ठोके मंदावले तर जोडणीतले रक्त कमी होऊन ती सुधारल्यासारखी दिसते. म्हणून ठोके मोजावेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी संस्थेच्या समितीकडून आधीच घ्यावी.

जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे आणि २०२३ साली त्यात दुरुस्त्या झाल्या. अर्क परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा, पेटंट घ्यायचे किंवा उत्पादन काढायचे असेल, तर चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आणि राज्याचे मंडळ यांचे नियम नमुना उचलण्याआधी वाचावेत. पाकीट टपालात पडल्यावर नाही.

लिहिताना

मात्रेचे गणित प्रबंधात जरूर द्यावे. बशीत मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्काने परिणाम दिसला असे धरू. माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर रक्तद्रव असतो, म्हणजे तेवढी पातळी यायला ३०० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात असावा लागेल. तोंडातून घेतलेल्यापैकी १ टक्का रक्तात पोचतो असे मानले तर ३० ग्रॅम अर्क गिळावा लागेल, आणि भुकटीतून १५ टक्के अर्क निघत असेल तर तो २०० ग्रॅम सुक्या पानांचा होतो. हे आकडे मानलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. पण गणित मांडल्यावर ‘नैसर्गिक व सुरक्षित उपाय’ हे शब्द आपोआप हातातून गळतात. व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन करते, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळायला सांगतात, हेही त्याच पानावर लिहावे.

घोळणा फुटणाऱ्या एखाद्या घराने प्रकल्पाबद्दल ऐकले तर ते तुमच्याकडे पाने मागायला येतील. आमच्याकडे आले होते. काकूंच्या हातात मोकळी बरणी होती. त्यांना पाने देऊ नयेत आणि नाकात रसही घालायला सांगू नये. घरातल्या किती जणांना त्रास आहे ते विचारावे, ओठ आणि बोटांची टोके पाहावीत, आणि जनुकीय सल्ला व फुप्फुसातल्या जोडण्यांची तपासणी जिथे होते अशा रुग्णालयात पाठवावे. फुप्फुसातल्या जोडणीतून गुठळी किंवा जंतू मेंदूत जाऊ शकतात, आणि ती जोडणी वेळेवर बंद करता येते.

निकाल नकारात्मक आला तरी तो लिहावा, आणि असा लिहावा: ‘अमुक क्रमांकाच्या हर्बेरियम नमुन्याशी जुळणाऱ्या, डिसेंबरमध्ये तोडलेल्या अडुळशाच्या पानांच्या ७० टक्के इथॅनॉल अर्काने, एन्डोटॉक्सिन आणि टॅनिन वगळल्यानंतर, तीन नाळांच्या एन्डोग्लिन कमी केलेल्या पेशींत स्मॅड१ आणि स्मॅड५ ची खूण बदलली नाही, त्याच प्लेटवर टॅक्रोलिमसने ती वाढली.’ मार्गदर्शक शेवटचा तुकडा खोडायला सांगतील. तो खोडू देऊ नये.